पगार वाढला, पण घरात काय उरले?
मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर : भाड्याचा आणि संसाराचा ताळेबंद

आपल्या वस्तीतील मुलगा आयटीआय होतो, कुणाची मुलगी बी.कॉम. होते, कुणाचा जावई गावातल्या कारखान्यात सहा-सात वर्षे काढतो आणि मग एक दिवस दुसऱ्या शहरातून बोलावणे येते. पगार पाच-सात हजारांनी जास्त असतो. घरात आनंद होतो, पेढे वाटले जातात, टेम्पो ठरतो. वर्षभराने तोच माणूस गावी येतो तेव्हा हातात पूर्वीइतकीही शिल्लक नसते. मग दोष कुणाला? बायको उधळी, नवरा बेफिकीर, नाहीतर शहरच वाईट, असे काहीतरी ठरवून आपण मोकळे होतो. हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमेच्या बाजूला जितके लक्ष द्यायचे तितकेच खर्चाच्या बाजूला द्यायचे, ही आमची सवय. आपल्याच राज्यातील या शहरांत एकाच पगाराची किंमत वेगवेगळी का होते, याचा विचार या लेखात करायचा आहे.

सरकारचे दोन गज

शहर महाग की स्वस्त हे सरकारही ठरवते. त्याचा पहिला गज म्हणजे घरभाडे भत्ता. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी शहरांचे तीन वर्ग आहेत. ५० लाखांहून अधिक लोकवस्तीची शहरे पहिल्या वर्गात येतात. आपल्या राज्यात त्यात बृहन्मुंबई व पुणे ही दोनच. नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर, अमरावती, नांदेड, सांगली, मालेगाव, भिवंडी, वसई-विरार ही दुसऱ्या वर्गात. उरलेले सारे तिसऱ्यात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यानंतर जानेवारी २०२४ पासून या वर्गांचे दर मूळ पगाराच्या ३०, २० आणि १० टक्के असे झाले. म्हणजे २० हजार मूळ पगार असलेल्या कर्मचाऱ्याला पुण्यात ६ हजार, नागपुरात ४ हजार आणि तालुक्याच्या गावी २ हजार घरभाडे. तीन, दोन, एक असे हे प्रमाण आहे.

दुसरा गज आपल्या मुलांच्या अधिक जवळचा आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ साली भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. तिच्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर येथे शिकणाऱ्यास वर्षाला ६० हजार रुपये ठरले : भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार, निर्वाहासाठी ८ हजार. इतर महसुली विभागीय शहरे व क वर्ग महापालिकांत ५१ हजार, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार.

दोन्ही गज शेजारी ठेवून पाहा. भत्त्याच्या हिशेबात नागपूर नाशिकच्या रांगेत बसते, स्वाधारच्या हिशेबात मुंबईच्या रांगेत. आणि दोन्ही गजांनी मुंबई व पुणे सारखेच महाग ठरते. प्रत्यक्षात दादरला खोली शोधणे आणि भोसरीला खोली शोधणे एक आहे काय? शिवाय वर्षाचे २० हजार म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये. तेवढ्यात मुंबईत स्वतंत्र खोली मिळणे दूरच, चार-पाच मुलांनी मिळून घेतलेल्या खोलीतील एक खाटही मुश्किलीने मिळेल. सांगायचे असे की, सरकारी वर्गवारी ही भत्ता वाटण्यासाठी केलेली सोय आहे. तिच्यावर विसंबून संसार हलवू नये.

तिसराही एक आकडा वर्तमानपत्रात येतो : औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक. केंद्राचा श्रम ब्यूरो तो दरमहा काढतो आणि त्यात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा केंद्रांचे आकडे वेगळे असतात. पुष्कळांना वाटते की नागपूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा दिसला म्हणजे नागपूर महाग. हे चूक आहे. २०१६ साली त्या त्या शहरात जो खर्च होता तो १०० धरून, तिथेच तो किती वाढला एवढेच हा निर्देशांक सांगतो. एका शहराची दुसऱ्याशी तुलना तो करत नाही. त्यातून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. २०१६ च्या मालिकेत कामगार कुटुंबाच्या १०० रुपये खर्चात खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ३९ रुपये आणि घराचा सुमारे १७ रुपये धरला आहे. नव्याने शहरात आलेल्या भाडेकरूने आपले पुस्तक तपासावे. भाडे पगाराच्या चौथ्या हिश्शाच्या पुढे गेले असेल, तर कुठल्या तरी दुसऱ्या घासाला कात्री लागली आहे असे समजावे.

महाग काय, स्वस्त काय?

शहर बदलले म्हणजे सगळेच महाग होते असे नाही. साबण, तेलाची पिशवी, चहापूड यांवर छापील किंमत असते, ती सगळीकडे एकच. रेशनचे धान्यही तसेच. अन्नसुरक्षा योजनेत नाव असलेल्या कुटुंबास माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे आणि एक देश एक रेशन कार्ड या सोयीमुळे गावचे कार्ड असले तरी पुण्यातल्या दुकानात अंगठा लावून ते उचलता येते. आपली कितीतरी कुटुंबे शहरात गेल्यावर हा हक्क सोडून देतात आणि तेच तांदूळ-गहू किराण्यातून विकत घेतात. चार माणसांचे महिन्याचे २० किलो धान्य म्हणजे लहान रक्कम नव्हे.

काही गोष्टी उलट्याही आहेत. स्वयंपाकाचा गॅस सिलिंडर मुंबईपेक्षा नागपुरात पन्नासेक रुपयांनी महाग पडतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. कूलर, त्याचे पाणी आणि एप्रिल ते जूनचे वीजबिल हा खर्च मुंबईकराच्या वहीत नसतो. त्याच्या वहीत पावसाळ्याआधी छपरावर घालायचे प्लास्टिक असते. छत्रपती संभाजीनगर आणि सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत आले आहे. तिथे टाकी, ड्रम आणि प्रसंगी टँकर हा भाड्याचाच एक भाग समजावा. खोली पाहायला जाल तेव्हा भिंतीचा रंग नंतर पाहा, नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि किती वेळ येते ते आधी शेजारच्या बाईला विचारा.

प्रवासाचे गणित तर फारच वेगळे. मुंबईत घर महाग पण लोकल स्वस्त. कल्याणहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण सव्वातीनशे रुपयांत निघतो. म्हणूनच कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वसई-विरार येथे राहून लाखो कष्टकरी मुंबईत कामाला जातात. पैसा वाचतो, पण जाऊन येऊन रोजचे तीन-चार तास जातात, आणि ते तास मुलांच्या अभ्यासातून आणि आईच्या झोपेतून जातात. पुणे-पिंपरीला लोकलचा असा आधार फक्त लोणावळ्याच्या मार्गावर आहे. चाकण, रांजणगावला जाणाऱ्या कामगाराला कंपनीची बस नसेल तर दुचाकी घ्यावीच लागते. मग हप्ता, पेट्रोल, विमा. नाशिकला सातपूर-अंबड, संभाजीनगरला वाळूज, नागपूरला हिंगणा-बुटीबोरी. कामाचे ठिकाण आणि परवडणारी वस्ती यांमध्ये किती अंतर आहे आणि ते कशाने कापायचे, हे ठरल्याशिवाय भाड्याच्या आकड्याला अर्थ नाही.

भाड्याचा आकडा एक, खर्च अनेक

घरमालक सांगतो तो फक्त एक आकडा. त्याच्या मागे अनामत रक्कम असते, दलालाची दलाली असते, वर्षाकाठी होणारी वाढ असते आणि अकरा महिन्यांनी 'खोली खाली करा' म्हटले की पुन्हा टेम्पो, पुन्हा दलाली असते. मुंबईत एकाच चाळीत एकाच गॅलरीवर दोन कुटुंबे अगदी वेगळे भाडे भरताना दिसतात. १९४७ च्या भाडे कायद्याच्या संरक्षणातील जुना भाडेकरू काही शेकड्यांत राहतो आणि नवा आलेला बाजारभावाने हजारोंत. त्यामुळे 'मामा मुंबईत इतक्याच पगारात राहिले' हा दाखला आज आलेल्या भाच्याला लागू पडत नाही.

एके काळी सरकारी यंत्रणांनी कामगारांसाठी भाड्याची घरे बांधली होती. बाबासाहेब परळला राहिले ती बीआयटी चाळ मुंबई सुधार न्यासाची. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळींची १६० चौरस फुटांची खोली तीन-तीन पिढ्यांनी घर म्हणून वापरली. वरळीच्या पुनर्विकासातील ५०० चौरस फुटांच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या, ही आनंदाचीच गोष्ट. पण ती जुन्या रहिवाशांसाठी. आज खेड्यातून वा दुसऱ्या शहरातून येणाऱ्या कामगाराला परवडेल अशी सरकारी भाड्याची चाळ कुणी बांधत नाही. तो सरळ बाजाराच्या हाती सापडतो.

विजेचेही पाहा. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटला कमी, त्यापुढे ३०० पर्यंत पुष्कळ जास्त. एका मीटरवर मालकाने चार खोल्या चालवल्या तर चौघांचा वापर एकत्र धरला जातो आणि प्रत्येकाचे ७०-८० युनिट महागड्या टप्प्यात जातात. सबमीटरने युनिटला किती घेणार, हे पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर आणावे.

एक ताळेबंद

आता एक उदाहरण करून पाहू. आकडे आम्ही हिशेबासाठी धरलेले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या गल्लीतले आकडे घालावेत.

नवरा, बायको, दोन मुले. नागपुरात हातात पगार २० हजार. भाडे ५ हजार, वीज-पाणी १ हजार, किराणा-दूध-भाजी ८ हजार, येणे-जाणे १,२००, शाळा दीड हजार, औषधपाणी व किरकोळ १ हजार. एकूण १७,७००. शिल्लक २,३००.

पुण्याजवळ नोकरी मिळाली, हातात २७ हजार. वाढ सात हजारांची! भाडे साडेनऊ हजार, वीज-पाणी १,२००, किराणा-दूध-भाजी ८,८००, येणे-जाणे २ हजार, शाळा २ हजार, औषधपाणी दीड हजार. झाले २५ हजार. वर्षातून दोनदा सगळ्यांनी नागपूरला जाऊन यायचे, दीक्षाभूमीवर जायचे, आईवडिलांना भेटायचे, तर वर्षाचे ६ हजार म्हणजे महिन्याला ५०० धरा. शिल्लक दीड हजार.

पगार सात हजारांनी वाढला आणि शिल्लक आठशेंनी घटली. शिवाय जातानाच तीन महिन्यांची अनामत २८,५००, दलाली ९,५०० आणि टेम्पो १२ हजार असे ५० हजार रुपये लागले. अनामत परत मिळेल असे धरले तरी उरलेले साडेएकवीस हजार दीड हजारांच्या शिल्लकीतून भरून निघायला चौदा महिन्यांहून अधिक लागतील. तोवर अकरा महिन्यांचा करार संपलेला असेल. आणि हे ५० हजार बचत गटातून किंवा सावकाराकडून आणले असतील, तर व्याज वेगळे.

औषधपाण्याचा आकडा आम्ही जाणूनबुजून वाढवला. कामगार राज्य विमा योजनेला पगाराची मर्यादा असते. २०१७ साली ती २१ हजार ठरली. पगार मर्यादेपुढे गेला की काही महिन्यांत विम्याचा दवाखाना बंद होतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे, मुलांचे आजारपण खिशातून करावे लागते. म्हणून नव्या नोकरीचा पगार ठरवताना सध्याची मर्यादा किती, आपण तिच्या आत की बाहेर, कंपनी दुसरा विमा देते काय, हे विचारायला लाजू नये.

राज्याच्या किमान वेतनातही परिमंडळे असतात. शहरी परिमंडळाचे वेतन ग्रामीणपेक्षा जास्त असते खरे, पण तो फरक शेकड्यांत असतो आणि भाड्यातला फरक हजारांत. कामगाराचे नुकसान होते ते इथे.

मग जायचेच नाही काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. गाव सोडून शहर गाठणे हे आपल्या समाजाने केवळ पोटासाठी केलेले नाही, मानाने जगण्यासाठीही केले आहे. वरील ताळेबंदात दुसरी बाजूही आहे. मोठ्या शहरात बायकोला काम मिळाले, महिन्याला आठ-नऊ हजार आले, तर चित्र पालटते. मुलांना चांगले महाविद्यालय, स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका जवळ मिळाली तर त्याचे मोल शिल्लकीत दिसत नाही. पण त्याच वेळी नागपूरच्या घरी नातवंडे सांभाळणारी आजी फुकट मिळालेली होती, हेही विसरू नये. पुण्यात तिच्या जागी पाळणाघर लागते, आणि पाळणाघर लागले की बायकोच्या कमाईतले दोन-तीन हजार तिथेच जातात. म्हणून हा हिशेब नवऱ्याने एकट्याने कंपनीच्या गेटवर करू नये. तो घरात, बायकोला व आईला शेजारी बसवून करावा. किराण्याचा खरा आकडा त्यांनाच ठाऊक असतो.

आडनावाचे भाडे

एक खर्च कुठल्याच सरकारी तक्त्यात नसतो. खोली रिकामी असते, भाडे ठरते, आणि मग हळूच विचारले जाते, 'आपण कोण?' आडनाव सांगितले, किंवा भिंतीवर कुणाची तसबीर लावणार हे कळले, की 'आमच्या भावाला खोली लागणार आहे' असे उत्तर येते. १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीस गेलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना, हा इतिहास आपण जाणतोच. शंभर वर्षांनंतर काय बदलले? डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांची पाहणी केली. उच्चवर्णीय ग्राहकाला दार उघडे आणि दलित व मुस्लिम ग्राहकाला नकार किंवा जाचक अटी, असेच तिथे दिसून आले.

हा अपमान तर आहेच, पण तो खर्चही आहे. कामाजवळची खोली नाकारली गेली की माणूस दूर जातो, बसला जास्त पैसे देतो, जास्त अनामत मान्य करतो, करारपत्राविना राहतो. याला आम्ही आडनावाचे भाडे म्हणतो. त्यावर समाजाकडे एक उपाय आहे. ज्या शहरात जायचे तिथल्या विहाराचा, युनियनचा, ओळखीच्या कुटुंबाचा पत्ता आधी काढावा, आणि ज्या आपल्या माणसांची दोन खोल्यांची घरे झाली आहेत त्यांनी येणाऱ्याला रास्त भाड्यात आसरा द्यावा. आपल्यातलेच काही घरमालक अडलेल्या भाडेकरूकडून चढे भाडे घेतात, हेही इथे स्पष्ट बोलले पाहिजे.

कागद हाच आधार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. अकरा महिन्यांचा असला तरी आपल्या राज्यात ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी झाली नसेल आणि वाद उद्भवला, तर विरुद्ध पुरावा येईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूला घालवण्यासाठी पाणी वा वीज तोडणे हा गुन्हा आहे. नोंदणीची फी महापालिका हद्दीत एक हजार रुपये, अधिक मुद्रांक शुल्क. तेवढे वाचवण्यासाठी कित्येकजण साध्या कागदावर सही करतात आणि हजारोंची अनामत बुडवून बसतात.

या कागदाचा आणखी एक उपयोग आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत २५ टक्के जागांवर मोफत प्रवेश मिळतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पण भाड्याने राहणाऱ्या पालकाकडून रहिवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत करारच मागितला जातो. म्हणजे हजार रुपयांचा हा कागद नसेल तर मुलाची आठ वर्षांची फी अंगावर पडू शकते.

निघण्यापूर्वी

जो समाजबांधव शहर बदलण्याच्या विचारात आहे त्याने एक आठवडा द्यावा. आधी एकट्याने जाऊन यावे, ओळखीच्या घरी दोन दिवस राहावे. कामाच्या वेळेलाच, गर्दीतच, वस्ती ते कारखाना प्रवास करून पाहावा. पाणी, सबमीटर, शाळा, सरकारी दवाखाना आणि रेशन दुकान डोळ्यांनी पाहावे. हातात येणारा पगार किती, ठेकेदाराचा की कंपनीचा, हे कागदावर घ्यावे. मग वहीच्या एका पानावर आजचे शहर आणि दुसऱ्या पानावर नवे शहर मांडावे. नव्या पानावर शेवटी शिल्लक जास्त निघत असेल, किंवा शिल्लक थोडी कमी पण मुलांच्या शिक्षणाची वाट नक्की उघडत असेल, तर खुशाल जावे. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर सात हजारांच्या वाढीसाठी आईवडील, आधार आणि हक्काचे छप्पर सोडू नये. आणि जाणाऱ्याने गावचे घर विकून मात्र जाऊ नये. शहरातली नोकरी ठेकेदाराच्या एका शब्दावर जाते, तेव्हा परत यायला ते एकच दार उरते.